आल्प्समध्ये ‘हट’, नेपाळमध्ये ‘टी-हाउस’ आणि आपल्याकडे पडवी: मुक्काम करत डोंगर चालायची सुट्टी नेमकी असते कशी?

रविवारी सकाळी कसारा लोकल आसनगावला थांबली की सॅकवाल्यांची गर्दी उतरते. बाहेर रिक्षा ठरते, माहुली गाव येतं, दुपारपर्यंत गड होतो आणि संध्याकाळी हीच मंडळी मातीने भरलेले बूट घेऊन परत स्टेशनवर. आमच्या भागात ट्रेक म्हणजे बहुतेकांसाठी एवढंच. सकाळी ये, संध्याकाळी जा.

पण हल्ली रील्समध्ये वेगळंच दिसतं. बर्फाच्या डोंगरात लाकडी घर, गरम सूप, रात्रीचा मुक्काम, सकाळी पुन्हा चालणं आणि संध्याकाळी दुसरं घर. खाली कमेंट ठरलेली, ‘आपल्याकडे असं का नाही?’

तर आहे. अगदी मुरबाड तालुक्यातून सुरू होतं. फक्त आपल्याकडे ती ‘हट’ म्हणजे कुणाचं तरी राहतं घर असतं, आणि सगळा फरक तिथूनच पडतो.

आधी रील्समधलं समजून घेऊ. स्वित्झर्लंडमध्ये 1863 साली गिर्यारोहकांचा क्लब स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्यांनी पहिली निवारा-झोपडी बांधली. आज या क्लबच्या सुमारे दीडशे हट आहेत. एका दिवसात चालून होईल अशा अंतरावर पुढची हट सापडते. तिथे सांभाळणारा माणूस, सामायिक खोलीत झोपायची जागा, रात्रीचं जेवण आणि नाश्ता असतो. त्यामुळे तंबू, स्टोव्ह, शिधा काहीच पाठीवर नको. मोंट ब्लांकभोवतीची सुमारे 170 किलोमीटरची फेरी लोक अशीच करतात आणि त्यात फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असे तीन देश पायाखालून जातात. नेपाळमध्ये हेच काम टी-हाउस करतात. भारतात पाहायचं असेल तर दार्जिलिंगजवळचा संदकफू. मानेभंज्यांगहून निघून तुमलिंग, कालीपोखरी अशा वस्त्यांत मुक्काम करत 3636 मीटरवर पोचायचं. तिथे सोबत गाईड घ्यावाच लागतो.

उंचावर गाईडचं मोठं काम म्हणजे तुम्हाला हळू चालायला लावणं. साधारण 2500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर वर जायचं नाही. त्रास वाढला तर खाली उतरायचं, पॅकेजचे पैसे बुडाले तरी.

सह्याद्रीत ही भानगड नाही. आपलं कळसूबाईच 1646 मीटर. मग इथे गाईड कशाला?

वाट चुकू नये म्हणून. याला आपल्याकडे जुना शब्द आहे, वाटाड्या. घाटमाथ्यावर गुरं चरून चरून शेकडो ढोरवाटा पडलेल्या असतात. त्या दिसायला खऱ्या वाटेपेक्षाही ठळक, आणि अर्ध्या तासाने थेट कड्याच्या टोकावर नेऊन सोडतात. मोबाइलच्या नकाशात दोन ठिपके जवळ दिसतात, पण मधली हजार-दोन हजार फुटांची भिंत कळत नाही. ती कुठल्या नाळेतून उतरते हे तिथे वाढलेल्यालाच माहीत.

आता मुरबाडचा रस्ता. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत वैशाखरे. आमच्यासारख्यांना आसनगावहून शहापूर, किन्हवली, सरळगाव असं यावं लागतं. तिथून नाणेघाट चढायचा. सातवाहनांच्या काळात जुन्नर आणि कोकणातली बंदरं जोडणारी ही व्यापारी वाट. वरच्या लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे, जवळच पाण्याची टाकी आहेत आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजणही. म्हणजे टप्प्याटप्प्याने थांबत डोंगर ओलांडणं आपल्याकडे दोन हजार वर्षं जुनं आहे, स्विस लोकांच्या बरंच आधीचं!

पहिला मुक्काम जीवधनच्या पायथ्याला घाटघर. दुसऱ्या दिवशी कड्याच्या कडेकडेने ढाकोबा करून दुर्गवाडी. हा दिवस सगळ्यात लांबचा. तिसऱ्या दिवशी आहुपे, तिथली देवराई चुकवू नका. चौथ्या दिवशी आहुपे घाटाने खाली खोपिवलीला, म्हणजे परत मुरबाड तालुक्यातच. मधली गावं पुणे जिल्ह्यातली, बहुतांश महादेव कोळी समाजाची.

मुक्काम म्हणजे शेणाने सारवलेली पडवी, चटई, भाकरी-पिठलं किंवा रस्सा. आल्प्ससारखं ऑनलाइन बुकिंग नाही. एक फोन आणि ‘या, करून ठेवतो’ एवढाच करार.

आणि हा करार मोडणारे आपणच असतो. घाटमाथ्यावरच्या एका घरी आम्ही जेवायला बसलो तेव्हा मावशींनी भलंमोठं पातेलं दाखवलं. एका ग्रुपने वीस जण सांगितले, आले नऊ. बाकीच्यांनी आदल्या रात्री बेत रद्द केला होता. पैसे नऊ जणांचेच दिले, वर ‘ताई, थोडं कमी करा’ असंही झालं. हट चालवणारी संस्था अ‍ॅडव्हान्स घेऊन हे नुकसान भरून काढते. मावशी कुणाकडे मागणार? मी विचारलं, तुम्ही आधी पैसे का घेत नाही? म्हणाल्या, ‘जेवायला येणाऱ्याकडं आधी कसं मागायचं?’

म्हणून तुम्हीच विचारा. माणशी दर किती, वाटाड्याचे किती, आणि काही रक्कम आधीच पाठवा. कंपनीसोबत जात असाल तर घरवाल्यांना किती मिळणार हे बिनधास्त विचारा. राज्याच्या 2021च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं बंधनकारक आहे, तेव्हा नोंदणी क्रमांकही मागा. जो सांगायला टाळाटाळ करतो त्याच्यासोबत मी तरी जाणार नाही. रोख पैसे ठेवा. वर रेंज येते-जाते, आणि पैसे देताना नेमकी गेलेली असते.

कधी जायचं? नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात धबधबे भारी दिसतात, पण धुकं, निसरडे कडे आणि अचानक फुगणारे ओढे आहेत. मुरबाड-शहापूरच्या धबधब्यांवर प्रशासन त्या दिवसांत अनेकदा बंदीही घालतं. उन्हाळ्याचं कारण वेगळं आहे. या डोंगरात धो-धो पाऊस पडतो आणि उतारावरून निघूनही जातो. शहापूर तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबई पिते, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. घाटमाथ्यावरही मार्चनंतर विहिरी तळाला जातात. तुम्ही दोन बादल्या अंघोळ केलीत तर त्या कुणीतरी डोक्यावरून आणलेल्या असतात. तीन दिवस अंघोळ नाही केली तरी चालतं, खरंच.

सॅकमध्ये दोन-तीन लिटर पाणी, बॅटरी, पातळ चादर आणि चांगली पकड असलेले बूट पुरेत. कचरा परत आणा, वर कचऱ्याची गाडी येत नाही. आणि चौथ्या दिवशी आहुप्यातून लवकर निघा. खोपिवलीहून मुरबाडला जायची गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवलेली बरी. अंधार पडल्यावर उतरलात तर रात्र तिथेच काढावी लागेल.