तिकीट नसलेला गड

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर आमचे आजवरचे सारे आयुष्य गेले. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला मिळाले आणि ते आजतागायत टिकून आहे. येथून जवळच कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा अश्वारूढ पुतळा आहे. ज्या सत्तेने राणीचे संस्थान गिळले, त्या सत्तेच्या एका गव्हर्नराचे नाव रस्त्याला आणि राणीचे नाव चौकाला! शाळेत जातायेता हे दोन्ही आम्ही रोज ओलांडतो. पण या शेजाराचा विचार आमच्या मनात कधी डोकावला नव्हता. तो डोकावला गेल्या डिसेंबरात, आणि त्याला कारण झाला आमचा अकरा वर्षांचा नातू.

हा नातू म्हणजे आमच्या भाचीचा मुलगा. भाची व तिचे यजमान नोकरीनिमित्त जर्मनीत हायडेलबर्ग नगरीजवळ राहतात. नाताळच्या सुटीत मंडळी घरी आली. रात्रीची जेवणे झाल्यावर भाचीने तिकडची छायाचित्रे दाखविली. नेकार नदीच्या काठचे हिरवे डोंगर, डोंगराडोंगरावर एकेक किल्ला, खाली आखीवरेखीव उद्याने. रविवारी डबे बांधून निघावयाचे, एखादा पडका किल्ला पाहावयाचा आणि सायंकाळी परत यावयाचे, हा तिकडच्या कुटुंबांचा परिपाठच आहे म्हणे. आमच्या सौभाग्यवती कौतुकाने सारे पाहत होत्या. अखेर म्हणाल्या, "आपल्याकडे असे काय आहे बाई दाखवायला!"

शिक्षकाच्या घरात हे वाक्य उच्चारले जावे याचे आम्हास वाईट वाटले. आम्ही लगेच जाहीर केले, "रविवारी नरगुंदला जाऊ." बोलून गेलो खरे, पण नंतर आठवले, की तीस वर्षांच्या नोकरीत मुलांना घेऊन आम्ही रायगडी गेलो, पन्हाळ्यास गेलो, पण घरापासून अवघ्या ५५ किलोमीटरवर असलेल्या नरगुंदची पायरी काही चढलो नव्हतो.

रविवारी सकाळच्या बसने निघालो. हुबळी सोडली की काळ्या मातीचा सपाट मुलूख लागतो. दुतर्फा ज्वारी, हरभरा आणि कापूस. जमखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले नवलगुंद मागे पडले आणि काही वेळाने क्षितिजावर एक एकाकी, सपाट माथ्याचा डोंगर दिसू लागला. तोच नरगुंदचा गड. पायथ्याशी श्रीव्यंकटेशाचे मंदिर आहे. देवदर्शन आटोपून आम्ही पायऱ्या चढू लागलो. नातवाने पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, तिकीट कुठे काढायचे?" आम्ही म्हणालो, "येथे तिकीट नसते." माथ्यावर पोहोचल्यावर दुसरा प्रश्न आला, "मग राजवाडा कुठे आहे?"

राजवाडा नव्हताच. होते ते तटाचे तुटके अवशेष, पाण्याची टाकी, वाळलेले गवत आणि चोहोबाजूंनी भणाणणारा वारा. दगडादगडावर खडूने, कोळशाने नावे लिहिलेली. भाची गप्प राहिली. आम्हास ओशाळल्यासारखे झाले. मग एका दगडावर बसून, जे डोळ्यांना दिसत नव्हते ते शब्दांनी उभे करण्याचा आम्ही प्रयत्न केला.

हा गड शिवछत्रपतींनी १६७४ च्या सुमारास बांधला असे सांगतात. पुढे तो भावे घराण्याकडे आला. १७८५ मध्ये टिपू सुलतानाच्या सैन्याने गडाला वेढा घातला. पुण्याची कुमक वेळेवर पोहोचली नाही, आणि व्यंकटराव भावे व त्यांचे कारभारी काळोपंत पेठे कैदेत पडले. या घराण्याचे अखेरचे अधिपती भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे. गृहस्थ विद्याव्यासंगी, त्यांच्या संग्रही संस्कृत पोथ्यांचे मोठे भांडार होते असे सांगतात. पुत्र नव्हता म्हणून दत्तक घेण्याची परवानगी मागितली, ती कंपनी सरकारने नाकारली. त्यातच सत्तावन्नच्या उठावानंतर शस्त्रे काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला. २९ मे १८५८ च्या रात्री बाबासाहेबांच्या माणसांनी सुरेबान येथे राजकीय प्रतिनिधी मॅन्सन याच्यावर हल्ला करून त्याला ठार केले. जूनच्या आरंभी इंग्रजी फौज नरगुंदावर चालून आली. गड पडला, बाबासाहेब पकडले गेले आणि १२ जून रोजी बेळगावात त्यांना फाशी देण्यात आले. म्हणजे सारे प्रकरण अवघ्या पंधरा दिवसांत आटोपले! त्यांच्या मातोश्री व पत्नी यांनी मलप्रभेच्या पात्रात देह ठेवला, अशी लोककथा या मुलखात आजही सांगितली जाते.

आमचे बोलणे ऐकत एक वृद्ध शेतकरी जवळ येऊन बसला होता. त्याला मराठी कळत होते की नाही कोण जाणे, पण 'बाबासाहेब' हे नाव कानी पडताच त्याने हात जोडले आणि म्हणाला, "नम्म बाबासाहेब री, नम्म राजा!" आमचे बाबासाहेब, आमचा राजा. नातवाने आमच्याकडे पाहिले आणि तिसरा प्रश्न विचारला, "आजोबा, हा राजा मराठी होता की कन्नड?"

वाचकहो, आम्ही मराठीचे एम. ए. आहोत, मुख्याध्यापक आहोत; परंतु या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर आम्हास देता येईना. आमच्या सीमाभागातील घराघरांत हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येऊन बसलेला आहे. त्याच्या उत्तरावरून भाऊबंद दुरावलेले आम्ही पाहिले आहेत. कोकणस्थ घराण्यातील हा राजा घरी मराठी बोलत असेल. परंतु त्याची रयत कन्नड बोलत होती आणि तिच्या स्मरणात तो 'नम्म राजा' म्हणूनच राहिला आहे.

अशा वेळी आम्हास कित्तूरच आठवले. राणी चन्नम्मांची मातृभाषा कन्नड. तेथेही प्रश्न दत्तकाचाच होता. १८२४ मध्ये देसाई शिवलिंगरुद्र निवर्तले, दत्तकास मान्यता मिळाली नाही, आणि २३ ऑक्टोबर रोजी कित्तूरच्या वेशीपुढे धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला. राणी बैलहोंगलच्या बंदिवासात १८२९ मध्ये वारल्या. डलहौसी येण्यापूर्वीच चोवीस वर्षे हे घडले होते! कित्तूर आणि नरगुंद यांमध्ये चौतीस वर्षांचे अंतर. भाषा निराळी, धर्मपंथ निराळा. पण अन्याय एकच आणि शेवटही एकच. आज कित्तूरला पडक्या राजवाड्याभोवती बाग आहे, संग्रहालय आहे, दर ऑक्टोबरात उत्सव होतो. नरगुंदच्या माथ्यावर मात्र वाराच काय तो वास्तव्यास आहे.

आमचे हे बोलणे संपल्यावर भाची म्हणाली, "मामा, हायडेलबर्गचा किल्लासुद्धा पडकाच आहे." मग तिने त्याची हकीकत सांगितली. फ्रेंच सैन्याने १६८९ आणि १६९३ मध्ये तो सुरुंग लावून उडविला. पुढे डागडुजी झाली, तर १७६४ मध्ये वीज पडून तो जळाला. फ्रेडरिक राजाने फ्रेंच स्थापत्यज्ञ सालोमों द को यांच्याकडून तेथे जे भव्य उद्यान करवून घेतले, तेही तीस वर्षांच्या युद्धामुळे अपुरेच राहिले. गावकरी तर घरे बांधण्यासाठी किल्ल्याचे दगड खुशाल काढून नेत. ते कोणी थांबविले? १८१० मध्ये तेथे आलेल्या शार्ल द ग्रेंबर्ग नावाच्या एका उमरावाने, आणि तो होता फ्रेंच! ज्यांनी किल्ला पाडला त्यांच्याच देशाचा हा मनुष्य उरलेले आयुष्य त्या भग्नावशेषांची राखण करीत, चित्रे काढवून घेत, वस्तू जमवीत राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किल्ला नव्याने बांधावा की नाही यावर मोठा वाद झाला, आणि बहुतांशी जसा आहे तसाच जपावा असे ठरले. आज लोक तिकीट काढून जे पाहतात ते हेच भग्नावशेष.

म्हणजे पडकेपणात कमीपणा नाही! आम्ही ज्याची लाज धरून बसलो होतो, ते वैभव नसणे नव्हते; ती आमची अनास्था होती. ग्रेंबर्गने, हा किल्ला आपला की परक्याचा, हे विचारीत बसण्यापेक्षा त्याची राखण केली, आणि राखण करता करता किल्ला त्याचा झाला.

आता नातवाला उत्तर देणे आम्हास सोपे गेले. आम्ही म्हणालो, "बाळ, जो येथे येईल, याची गोष्ट सांगेल आणि येथला दगड जपेल, त्याचा हा राजा." मुलाला ते कितपत पटले ठाऊक नाही. त्याने खिशातून रुमाल काढला, टाक्यातल्या पाण्यात भिजविला आणि एका दगडावरची खडूची नावे पुसू लागला. तो वृद्ध शेतकरी हसला आणि आपल्या पंचाचे टोक भिजवून त्याच्याशेजारी बसला. एकाला कन्नड येत नव्हते, दुसऱ्याला मराठी. काम मात्र दोघांचे चालले होते. मग आम्हीही सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

उन्हे कलल्यावर गड उतरलो. घरी परतल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, "काय पाहिलेत?" नातू म्हणाला, "राजवाडा नव्हता, आजी. पण गोष्ट होती."

यंदा शाळेची सहल नरगुंदला नेण्याचे आम्ही ठरविले आहे. शेजारच्या कन्नड माध्यमाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनाही सोबत येण्याची विनंती केली आहे. गोष्ट दोन्ही भाषांत सांगितली जाईल. वाचकांपैकी कोणास जावयाचे असेल तर थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर निघावे, प्यायचे पाणी बरोबर न्यावे आणि एक जुने फडके अवश्य घ्यावे. दगडांवरची पुष्कळ नावे पुसावयाची अद्याप शिल्लक आहेत.