मधुमेहाचें मूळ आणि मुंबईची परिषद

शास्त्रीय परिषद भरविणें म्हणजे केवळ व्याख्यानांची यादी करणें नव्हे. कोणता प्रश्न कोठें मांडावा, हेंही ठरवावें लागतें. गर्भावस्थेंतील पोषण आणि प्रौढपणींचे मधुमेहादि रोग यांच्या संबंधावरील पहिली जागतिक परिषद २००१ सालीं मुंबईस भरली, तें स्थळ यथायोग्यच होतें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास करीत होते. तेथील नवजात बालकांचें वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचें ३.५. परंतु त्वचेखालील मेद त्या मानानें घटला नव्हता. उणे पडले होते ते स्नायू. रक्तांतील साखरेचे मोठे ग्राहक स्नायूच. ते अपुरे असले कीं पुढें चयापचय बिघडण्याचा संभव वाढतो. म्हणून मधुमेहाचा प्रतिबंध गर्भवतीच्या ताटापासूनच आरंभावयास हवा.