विषाणू यकृताचा, कर्करोग लसिकापेशींचा
हिपॅटायटिस सी हा यकृतदाहाचा विषाणू बी-लसिकापेशींना, म्हणजे ज्यांच्यापासून प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशी घडतात त्यांना, वर्षानुवर्षे चेतवत राहतो आणि या अखंड विभाजनात जनुकीय दोष साचून मोजक्या रुग्णांत लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, उद्भवतो, असे मानले जाते. याचा सर्वांत बोलका पुरावा २००२ मध्ये फ्रेंच संशोधकांनी मांडला: प्लीहेच्या एका मंदगती लिम्फोमाच्या ९ विषाणूबाधित रुग्णांना इंटरफेरॉन दिल्यावर ज्या ७ जणांच्या रक्तातून विषाणू नाहीसा झाला, त्यांचा कर्करोगही पूर्णपणे ओसरला, तेच औषध घेतलेल्या ६ अबाधित रुग्णांत मात्र, आणि ही तुलनाच निर्णायक आहे, असा प्रतिसाद दिसला नाही. त्यामुळे लिम्फोमाच्या निदानानंतर या विषाणूची साधी रक्तचाचणी टाळणे अक्षम्य होय.