चेहरा बदलतो तो अंतराने

बंगळुरूच्या बसवनगुडीत, गांधी बाजाराच्या आसपासच्या जुन्या घरांच्या दारात काढलेले जुन्या वळणाचे फॅशन फोटो हल्ली बरेच पाहायला मिळतात. रेशमी साडी, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं, केसांत गजरा; कॅमेरा मात्र जमिनीलगत, नाहीतर थेट नाकाशी. हात अवाढव्य, कपाळ निमुळतं, मागचे खांब कललेले. फोटो पाहणारा हमखास विचारतो, ही कुठली जुनी लेन्स? आणि विकणारेही ‘विंटेज लेन्स’ म्हणून बरंच काही विकून जातात. खरं म्हणजे या किमयेत लेन्सचा वाटा थोडा आहे. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या आणि दूरच्या गोष्टींच्या मापांचं नातं, ठरतं ते कॅमेरा कुठे उभा आहे यावरून.

याची खात्री बसवनगुडीतच करून घेता येते, आणि तीही ज्याच्यावरून या भागाला नाव पडलं त्या नंदीसमोर. एकाच दगडातून घडवलेला हा नंदी साधारण साडेचार मीटर उंच आणि सहा मीटर लांब आहे. समोर, त्याच्या मुखापासून दोन मीटरवर उभं राहिलं, तर त्याची पाठची बाजू आपल्यापासून आठ मीटरवर असते. म्हणजे मुखावरची हातभर लांबी आणि मागच्या बाजूची हातभर लांबी यांच्या फोटोतल्या मापांत चौपट फरक पडतो. वीस मीटर मागे जाता आलं असतं, तर तोच फरक 1.3 पट उरला असता. गाभाऱ्यात तेवढी जागा नाही. म्हणून समोरून काढलेल्या फोटोंत नंदी एवढा अंगावर येतो.

माणसाच्या चेहऱ्याचं गणित हेच, फक्त मापं सेंटिमीटरमध्ये. नाकाचं टोक आणि कान यांत सुमारे 12 सेंटिमीटरचं अंतर धरू. फोन नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल तर कान 42 वर. नाक कानाच्या तुलनेत 40 टक्के मोठं उमटतं. दीड मीटरवर हा फरक 8 टक्क्यांवर येतो, तीन मीटरवर 4. अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन बोरिस पास्कोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये हेच गणित मांडलं, कारण सेल्फी दाखवून ‘नाक लहान करून द्या’ म्हणणारे लोक दवाखान्यात येऊ लागले होते. त्यांच्या हिशेबाने 12 इंचांवरच्या सेल्फीत नाक, गालांच्या रुंदीच्या मानाने, सुमारे 30 टक्के जास्त रुंद दिसतं. पाच फुटांवर हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. नाकावर शस्त्रक्रिया करून घेण्याआधी हात लांब करून पाहावा, हे सांगायला सर्जनला गणित मांडावं लागलं!

लेन्स बदलल्याने काय होतं? तिथेच उभं राहून वाइड लेन्स लावली की चौकटीत जास्त मावतं, टेली लावली की कमी. चेहऱ्याची प्रमाणं तीच राहतात. वाइड लेन्सचा स्वतःचा असा एक परिणाम आहे खरा, पण तो कडांना. गोल वस्तू मधल्या रेषेपासून 45 अंशांवर असेल तर सपाट फिल्मवर ती 1.4 पट ताणलेली, अंड्यासारखी उमटते. ग्रुप फोटोत कडेला उभ्या राहिलेल्या काकूंवर अन्याय होतो तो असा. बिल ब्रँट या ब्रिटिश छायाचित्रकाराने 1940 च्या दशकात, पोलीस नोंदींसाठी वापरला जाणारा जुना लाकडी वाइड-अँगल कोडॅक कॅमेरा घेतला आणि जवळ जाऊन माणसांचे कान, कोपर, तळवे डोंगराएवढे करून दाखवले. आजच्या या फॅशन फोटोंचे मूळपुरुष तेच. आपल्याकडच्या आजी-आजोबांच्या काळातल्या स्टुडिओत मात्र कॅमेरा दोन-तीन मीटर मागे असे. म्हणून ते चेहरे इतके शांत आणि प्रमाणबद्ध दिसतात.

ज्या दोषाचं खापर खरोखरच लेन्सवर फुटायला हवं असा एक किस्सा आहे, आणि तो मला फार आवडतो. 1953 मध्ये ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, चित्रपट आला. त्यामागचं तंत्र फ्रेंच शास्त्रज्ञ आँरी क्रेतियाँ यांचं, 1920 च्या दशकातलं. पेशाने ते खगोलशास्त्रज्ञ. मोठमोठ्या दुर्बिणींच्या रिची-क्रेतियाँ रचनेतले क्रेतियाँ हेच. त्यांची अ‍ॅनामॉर्फिक लेन्स चित्रीकरणात दृश्य आडवं दाबून निम्मं करी आणि पडद्यावर प्रोजेक्टर ते पुन्हा दुप्पट पसरवी. अडचण क्लोजअपची होती. सुरुवातीच्या लेन्सचा दाब जवळच्या वस्तूवर पुरता दोन पट राहत नसे. तो 1.8 पट झाला असं समजा. प्रोजेक्टर मात्र इमानाने दुप्पटच पसरवणार. चेहरा 11 टक्के रुंद! हॉलिवूडने या दोषाला गालगुंडाचं नाव दिलं. पुढे पॅनाव्हिजनने जादा भिंगं घालून ती चूक चेहऱ्यावरून काढून मागच्या धूसर पार्श्वभूमीवर ढकलली. आज ‘सिनेमॅटिक’ म्हणून मिरवणारे मागचे उभट लंबगोल दिवे हे याच लेन्सच्या घराण्यातले.

आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा ‘कागज़ के फूल’, 1959 चा. छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचं. जन्म म्हैसूरचा, छायाचित्रणाचं शिक्षण बंगळुरूच्या जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये. अखेरचे दिवस बसवनगुडीला लागूनच असलेल्या शंकरपुरममध्ये. या चित्रपटातल्या गाण्यात रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा तो झोत आठवा. मूर्तींनी तो दिव्याने केला नाही. मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन आत घेतलं. दिवा दहा मीटरवर असेल तर त्याचे किरण फाकत जातात. सूर्य 15 कोटी किलोमीटरवर आहे, त्यामुळे त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात आणि झोताच्या कडा सरळ राहतात. नाकाला मोठं करणारं अंतर आणि या झोताला सरळ ठेवणारं अंतर, भूमिती एकच. हे मूर्तींनी सेटवर वापरून दाखवलं. या छायाचित्रणासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं, आणि पुढे एकूण कामगिरीसाठी 2008 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही. तो मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार. तरीही त्या दृश्याबद्दल बोलताना आपण गाणं आठवतो, नट-नटी आठवतो, आणि मूर्तींचं नाव शेवटी घेतो. हे मला पटत नाही.

फोनमधल्या ‘विंटेज’ फिल्टरबद्दलही माझं मत स्पष्ट आहे. रंग विटवणं, कडा काळवंडणं, दाणे पेरणं त्याला जमतं. पण 30 सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत गालामागे दडलेला कान कॅमेऱ्याने पाहिलेलाच नसतो. तो नंतर दिसू लागला, तर तो सॉफ्टवेअरने मनाने रंगवलेला असतो.

तेव्हा ‘विंटेज लेन्स’वर पैसे खर्च करण्याआधी घरातल्या कुणाला तरी खिडकीशी बसवा. एक फोटो वीतभर अंतरावरून काढा, दुसरा तीन मीटर मागे जाऊन झूम करून. चेहरा दोन्हींत सारख्याच मापाचा ठेवा आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहा.