विश्लेषण : रिपोर्ट नॉर्मल, तरीही आजाराची भीती का जात नाही?

ईसीजी व्यवस्थित, टूडी इको व्यवस्थित, रक्ततपासणीतही काही नाही. 'तुम्हाला काहीही झालेले नाही, निर्धास्त घरी जा,' असे डॉक्टर सांगतात. घरी पोहोचेपर्यंत हायसे वाटते. चार दिवसांनी छातीत पुन्हा बारीकशी कळ येते आणि मनात शंकेची पाल चुकचुकते : तपासणीत काही राहून तर गेले नसेल? मग मध्यरात्री मोबाइलवर शोधाशोध, नवा डॉक्टर, नवी तपासणी. घरचे याला 'उगाचचे खूळ' म्हणतात. प्रत्यक्षात ही ओळखता येणारी आणि उपचारांनी आटोक्यात येणारी मानसिक समस्या आहे.

आरोग्यचिंता म्हणजे नेमके काय?

तब्येतीची काळजी सर्वांनाच असते. नात्यातल्या कुणाला कर्करोग झाला की आपल्यालाही गाठ असल्याचा भास होतो आणि काही दिवसांत तो विरतो. आपल्याला गंभीर आजार आहे किंवा होणार, हा विचार महिनोन्‌महिने पाठ सोडत नसेल आणि त्यापायी झोप, काम, घर विस्कळीत होत असेल, तर तिला आरोग्यचिंता (हेल्थ एन्झायटी) म्हणतात. पूर्वी तिला 'हायपोकॉन्ड्रिया' म्हणत. हा शब्द हेटाळणीने वापरला जाऊ लागल्याने अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३च्या 'डीएसएम-५' या निदानसंहितेतून तो वगळला. त्याऐवजी आलेल्या 'इलनेस एन्झायटी डिसऑर्डर' या निदानासाठी ही चिंता किमान सहा महिने टिकलेली असावी लागते.

तिची दोन रूपे दिसतात. काही जण सतत डॉक्टरांचे दार ठोठावतात. काही जण नेमके उलटे वागतात. 'काही निघाले तर?' या धास्तीने ते दवाखान्याची पायरीच चढत नाहीत आणि रक्तदाबही मोजून घेत नाहीत. दुसरे रूप सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून ते अधिक धोक्याचे.

नको ते विचार मनात येणे हा आजार आहे का?

नाही. लोकल येत असताना फलाटाच्या कडेला उभे असलेल्याच्या मनात 'उडी मारली तर?' असा विचार चमकून जातो. देवापुढे हात जोडताना अभद्र शब्द आठवतो. भाजी चिरताना हातातल्या सुरीचीच भीती वाटते. न बोलावता येणाऱ्या या विचारांना अनाहूत विचार (इन्ट्रूसिव्ह थॉट्स) म्हणतात. स्टॅनली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी १९७८मध्ये मानसिक आजार नसलेल्या लोकांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे ८० टक्के जणांना असे विचार येत असल्याचे दिसले. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३ देशांतील ७७७ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात ९३.६ टक्के जणांनी मागील तीन महिन्यांत असा किमान एक विचार आल्याचे सांगितले.

नव्याने आई झालेल्या स्त्रियांमध्येही हे सर्रास आढळते. 'बाळ हातातून पडले तर?' हा विचार जवळपास प्रत्येकीला येतो. 'माझ्याच हातून बाळाला काही झाले तर?' असाही अनेकींना येतो. 'मी वाईट आई आहे' या लाजेपोटी त्या तो कुणाला सांगत नाहीत. ज्या विचाराने माणूस हादरतो, तो त्याच्या इच्छेच्या आणि मूल्यांच्या विरुद्ध असतो. म्हणूनच तो एवढा टोचतो.

फरक पडतो तो विचाराला दिलेल्या अर्थाने. 'काय भलतेच मनात आले' म्हणून एक जण कामाला लागतो. दुसरा विचारतो, 'हे माझ्याच मनात का आले? ही पूर्वसूचना तर नाही?' तिथून विचाराचा भुंगा होतो. आरोग्यचिंतेत या भुंग्याचा विषय आजार असतो, एवढेच. विचार, घबराट, खात्री करून घेण्याची कृती, तात्पुरता दिलासा आणि पुन्हा तोच विचार, हे चक्र मंत्रचळाच्या (ओसीडी) चक्रासारखेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या 'आयसीडी-११' या वर्गीकरणात आरोग्यचिंता ओसीडीच्या गटातच ठेवली आहे.

विचार दाबून टाकता येत नाही?

'तू त्याचा विचारच करू नकोस,' हा घरोघरी मिळणारा सल्ला. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांनी १९८७मध्ये विद्यार्थ्यांना सांगितले, पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका; आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नंतर अस्वलाचा विचार करण्याची मुभा दिल्यावर या विद्यार्थ्यांना तो इतरांपेक्षा जास्त वेळा आला. विचार आला की नाही, हे पाहण्यासाठीही मनाला तो आठवावाच लागतो. म्हणून दाबलेला विचार दुप्पट जोराने उसळतो.

मग छातीतली धडधड खोटी असते का?

अजिबात नाही. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढते, हृदयाचे ठोके जलद होतात, स्नायू आखडतात. श्वास भराभर घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात, गरगरते. मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखे वाटणे निरोगी माणसातही घडते. ही सगळी लक्षणे खरी असतात, चुकतो तो त्यांचा अर्थ.

लक्ष देण्यानेही लक्षण मोठे होते. हे वाचताना आपली जीभ दातांना नेमकी कुठे टेकली आहे, याकडे अर्धा मिनिट लक्ष द्या. आतापर्यंत जाणवतही नसलेली जीभ अडचणीची वाटू लागेल. दिवसातून पन्नास वेळा नाडी पाहणाऱ्याचे, स्मार्टवॉचवर ठोके मोजणाऱ्याचे किंवा मानेतली गाठ चाचपणाऱ्याचे हेच होते. वारंवार दाबल्याने ती जागा दुखू लागते आणि ते दुखणे नवा 'पुरावा' ठरते.

तपासण्या वाढवल्या तर खात्री वाढते का?

अनेकदा उलटेच होते. प्रयोगशाळेच्या अहवालातील 'नॉर्मल रेंज' साधारणपणे अशी ठरवतात की, निरोगी लोकांपैकी ९५ टक्के तिच्या आत येतात. म्हणजे प्रत्येक चाचणीत पाच टक्के निरोगी माणसे रेंजबाहेर जाणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकाच वेळी केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा रेंजबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. 'फुल बॉडी चेकअप'मध्ये चाचण्या याहून कितीतरी अधिक असतात. ठळक अक्षरांतला तो एक आकडा चिंताग्रस्त माणसाला महिनाभर पुरतो.

इंटरनेटचेही तसेच. मायक्रोसॉफ्टच्या दोन संशोधकांनी २००९मध्ये दाखवले की, साध्या लक्षणाचा शोध भराभर दुर्मीळ आणि गंभीर आजारांकडे सरकतो. डोकेदुखीची बहुतेक कारणे किरकोळ असतात, पण वाचणाऱ्याच्या मनात ठसतो तो ब्रेन ट्यूमर. घरच्यांना 'मला काही होणार नाही ना?' असे विचारत राहणे हाही याच साखळीचा भाग. प्रत्येक दिलाशाने क्षणभर बरे वाटते आणि मेंदू शिकतो की, विचारले म्हणूनच धोका टळला. पुढच्या वेळी दिलासा आणखी लवकर लागतो.

खऱ्या आजाराकडे दुर्लक्ष झाले तर?

ही शंका रास्त आहे. छातीत दाबल्यासारखे दुखून ते हात किंवा जबड्याकडे पसरणे, सोबत घाम व धाप; चेहऱ्याची वा शरीराची एक बाजू लुळी पडणे, बोलणे अडखळणे; रक्ताची उलटी, अशा वेळी विचार करत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. कारणाविना घटणारे वजन, वाढत जाणारी गाठ किंवा शौचातून रक्त जाणे यासाठी डॉक्टरांकडे जायलाच हवे. इतर तक्रारींसाठी एकच विश्वासाचा डॉक्टर धरावा, आवश्यक त्या तपासण्या एकदा नीट कराव्यात आणि पुढच्या भेटीची तारीख ठरवून घ्यावी. त्या तारखेपर्यंत नवी तपासणी नाही.

'याचे नेहमीचेच' म्हणून सोडून देणेही घातक आहे. स्वीडनमध्ये आरोग्यचिंतेचे निदान झालेल्या ४,१२९ जणांच्या नोंदींचा अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. निदान न झालेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात आत्महत्येने मृत्यूचे प्रमाण सुमारे चौपट होते आणि नैसर्गिक कारणांनी होणारे मृत्यूही अधिक होते. आजार 'मनाचा' आहे, म्हणून त्रास कमी असतो, असे नाही.

उपचार कोणते?

कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी (सीबीटी) हा सर्वाधिक अभ्यासलेला उपचार. ब्रिटनमधील रुग्णालयांत हृदय, श्वसन, पचन आदी विभागांत येणाऱ्या आरोग्यचिंताग्रस्त रुग्णांवर तिचा प्रयोग झाला. २०१४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, मोजक्याच सत्रांचा फायदा दोन वर्षांनंतरही टिकून होता. गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञ 'एसएसआरआय' गटातील औषधे देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करायची नसतात.

उपचारांचा गाभा एकच : शंभर टक्के खात्रीचा हट्ट सोडायला शिकणे. घरी सुरुवात अशी करता येते. नाडी पाहण्याची किंवा गूगल करण्याची ऊर्मी आली की पंधरा मिनिटे थांबा. जमले की अर्धा तास, मग तास. अस्वस्थता आधी वाढते, मग काही न करताही हळूहळू उतरते, हा अनुभव घेणे महत्त्वाचे. विचाराशी वाद घालू नका. 'कर्करोग असल्याचा विचार पुन्हा आला आहे. असेलही, नसेलही. डॉक्टरांची तारीख ठरलेली आहे,' असे म्हणून हातातले काम सुरू ठेवा. चिंता संपण्याची वाट पाहून काम थांबवू नका. घरच्यांनीही 'तुला काही झालेले नाही' हे दहादा सांगण्यापेक्षा, 'तुला भीती वाटते आहे हे कळते. उत्तर आपण आधीच घेतले आहे. चल, चक्कर मारून येऊ,' असे म्हणावे.

मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत समुपदेशन मिळते. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही मानसोपचार विभाग असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विमा संरक्षण देणे बंधनकारक आहे.

जगणे नकोसे वाटत असेल, स्वतःला किंवा इतरांना इजा करावी असे मनापासून वाटू लागले असेल, कानात आवाज आदेश देत असतील किंवा बाळंतिणीला बाळाविषयीचे भयंकर विचार योग्यच वाटू लागले असतील, तर ही वेळ थांबण्याची नाही. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. अन्य सर्वांसाठी पहिले पाऊल साधे आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा छातीतल्या कळेबरोबर रात्रीची शोधाशोध आणि न जाणारी भीतीही सांगा. निदानासाठी त्यांना तीही माहिती लागते.