नातवंडासह परदेशीं निघतांना

एके काळीं आपल्याकडे कोणी परदेशीं निघालें म्हणजे त्याला सरकारापेक्षां समाजालाच अधिक उत्तरें द्यावीं लागत. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठीं अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांना बंगालमधील श्रीरामपूर येथें भर सभेंत आपल्या जाण्याचीं कारणें सांगावीं लागलीं. त्याच वर्षीं पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन विलायतेस गेल्या. समुद्र ओलांडावा कीं नाहीं यावर त्या काळीं वाद होत. परंतु हें मूल या बाईंबरोबर कसें, असें विचारण्याचें कारण नव्हतें. बरोबर आईच होती.

आज परिस्थिति उलट झाली आहे. नागपुरांतील आजोबा-आजी नातवाला घेऊन परदेशीं निघाले, तर शेजारीपाजारी कौतुकानें निरोप देतात. प्रश्न विचारतो तो सीमेवरचा अधिकारी, आणि तो एवढेंच विचारतो : या मुलाचे आईबाप कोठें आहेत, व त्यांना हें ठाऊक आहे काय?

हा प्रश्न कित्येकांच्या मनाला लागतो. ज्याला अंगाखांद्यावर खेळविलें, त्याच्यावरील आपला हक्क परक्यापुढें सिद्ध करावयाचा, ही कल्पनाच वडीलधाऱ्यांना रुचत नाहीं. परंतु माया व अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. हिंदु, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांना लागू असलेल्या १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यानें अज्ञान मुलाचे नैसर्गिक पालक म्हणून आधीं बाप व त्याच्यानंतर आई यांचीं नांवें घातलीं आहेत. १९९९ सालीं गीता हरिहरन यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ‘नंतर’ याचा अर्थ केवळ बापाच्या मृत्यूनंतर असा न घेतां त्याच्या अनुपस्थितींतही आई पालक होऊं शकते असा लावला. आजोबा-आजी मात्र त्या यादींत तेव्हांही नव्हते व आजही नाहींत. न्यायालयानें त्यांस पालक नेमलें असेल तर गोष्ट निराळी.

अधिकाऱ्याच्या संशयालाही कारण आहे. पति-पत्नींत बेबनाव झाला असतां एका पक्षानें, किंवा त्याच्या नातलगांनीं, मूल गुपचूप दुसऱ्या देशांत नेण्याचे प्रकार जगभर घडत आले आहेत. अशा मुलांना परत पाठविण्यासाठीं १९८० सालीं हेग येथें एक आंतरराष्ट्रीय करार झाला व शंभराहून अधिक राष्ट्रें त्यांत सामील झालीं. भारत त्यांत सामील नाहीं. परंतु आपण ज्या देशांत जाणार त्यांपैकीं पुष्कळ आहेत. म्हणून आईबापांवांचून आलेलें मूल पाहिलें कीं तेथील अधिकारी सावध होतो. तो आपला अपमान करीत नसून मुलाचें रक्षण करीत असतो.

याला उपाय साधा आहे. आई व बाप या दोघांच्याही सहीचें संमतिपत्र इंग्रजींत तयार करून नोटरीकडून साक्षांकित करून घ्यावें. मूल कोणाबरोबर, कोठें, किती दिवसांसाठीं जात आहे, तेथें कोणाच्या घरीं उतरणार आहे, हें त्यांत स्पष्ट असावें. पासपोर्टांचे क्रमांक व आईबापांचे दूरध्वनि असावेत. मूल आजारी पडल्यास उपचारांस संमति देण्याचा अधिकार आजोबा-आजींस दिला आहे, हें वाक्य तर अवश्य असावें. रुग्णालयाच्या दारांत त्याची किंमत कळते. आईबापांपैकीं एक हयात नसल्यास मृत्यूचा दाखला, व ते विभक्त असल्यास ताब्याविषयींचा न्यायालयाचा हुकूम बरोबर ठेवावा. युरोपांतील शेंगेन देशांच्या व्हिसासाठीं अशी संमति अर्जासोबतच लागते. मुलाच्या पासपोर्टाची मुदतही आधींच पाहावी. मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षें चालतो. लहान मुलाचा ५ वर्षांतच संपतो.

आपल्या नांवांच्या पद्धतीमुळें एक अडचण विशेष येते. मुलाच्या नांवांत बापाचें नांव व आडनांव असतें, म्हणून वडिलांकडील आजोबांचें नातें सहज जुळतें. आईकडील आजोबांचें आडनांव निराळें, आणि लग्नानंतर मुलीचेंही नांव बहुधा बदललेलें. मग नातवाच्या जन्माच्या दाखल्यांत आजोबांच्या नांवाचा मागमूसही राहत नाहीं. तेव्हां नातवाचा जन्मदाखला, त्याच्या आईचा विवाहाचा दाखला, व तिच्या वडिलांचें नांव असलेलें एखादें कागदपत्र, अशी सांखळी बरोबर असावी. अधिकाऱ्याला आपलीं नाती तोंडीं पटवून देण्याची पाळी मग येत नाहीं.

नागपूरकरांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. पुष्कळांना परदेशचें विमान मुंबईस किंवा दिल्लीस धरावें लागतें, व पासपोर्टावर शिक्का तेथेंच बसतो. सोनेगांवाहून देशांतील विमानानें निघतांना कोणी संमतिपत्र मागत नाहीं; मागतात तें पुढें, बहुधा अपरात्रीं, घरापासून आठशें किलोमीटरांवर. त्या वेळीं कपाटांत राहिलेला कागद कोणी आणून देऊं शकत नाहीं. म्हणून हीं पत्रें मोठ्या पेटींत न घालतां हातांतील पिशवींत असावींत, आणि त्यांच्या प्रती घरींही ठेवाव्यात.

शेवटीं मुलाची तयारी. अधिकारी कधीं कधीं मुलालाच विचारतो, हे कोण? घरांत आपण आबा किंवा नाना असतों. मुलाला आपलें खरें नांव ठाऊक नसतें, आणि गोंधळून तें रडूं लागतें. म्हणून आईबापांचीं व आपलीं पूर्ण नांवें, कोठें जावयाचें व परत केव्हां यावयाचें, हें त्याला चार दिवस आधीं हंसतखेळत शिकवावें. मात्र पाठ केलेलें उत्तर देण्यास सांगूं नये. खरें तेंच सांगावें, एवढेंच बजावावें.

नातवाचा हात धरून चालणें हें उतारवयांतील मोठें सुख आहे. तो हात सीमेवर कोणी सोडवूं नये, यासाठीं दुसऱ्या हातांत त्याच्या आईबापांच्या सहीचा कागद असूं द्यावा.