तंबूची सहल आणि वाटेवरचे थांबे

डिसेंबरची थंडी पडू लागली की तंबू, शिधा आणि मुले गाडीत घालून दोन-तीन दिवस बाहेर पडण्याचे बेत शहरी कुटुंबांत शिजू लागतात. मुक्काम कुठे करायचा याचा विचार बारकाईने होतो. वाटेत काय पाहायचे, हे मात्र नकाशावरची नावे मोजून ठरते. दिवसाकाठी पाच-सहा स्थळे उरकण्याच्या नादात मुले कंटाळतात आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत अंधार पडतो. हा अंधारच तंबूच्या सहलीतला खरा धोका आहे. म्हणूनच थांब्यांची निवड हा केवळ आवडीचा नव्हे, तर सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

पुण्याहून जुन्नरमार्गे भंडारदरा ही तीन दिवसांची वाट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पुणे-नाशिक महामार्गाने नारायणगाव सुमारे ७५ किलोमीटर. तेथून जवळच खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात, तर उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. या तबकड्या भरीव नसून तारांच्या जाळीच्या का, हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. आकाशातून येणाऱ्या ज्या रेडिओलहरी येथे टिपल्या जातात, त्यांची लांबी जाळीच्या छिद्रांहून कितीतरी मोठी असते. त्यामुळे त्या जाळीवरूनही परावर्तित होतात, वारा मात्र आरपार जातो. परिणामी सांगाडा हलका आणि कमी खर्चाचा झाला. आत जाण्यासाठी परवानगी आधीच घ्यावी लागते. ती नसेल तर शेतांपलीकडे दिसणाऱ्या तबकड्या रस्त्यावरून पाहूनही मुलांचे कुतूहल जागे होते.

ही दुर्बीण पाहण्याचा योग नसेल, तर पहिल्या दिवशी निघोज निवडावे. पारनेर तालुक्यातील या गावाजवळ कुकडी नदीने काळ्या बेसॉल्टमध्ये रांजणखळगे कोरले आहेत. खडकातील लहानशा खोलगटात अडकलेले दगडगोटे प्रवाहाच्या भोवऱ्याबरोबर गरगर फिरतात आणि जात्याप्रमाणे खडक झिजवत जातात. हजारो वर्षांच्या या घुसळणीतून रांजणाच्या आकाराचे खळगे तयार झाले. काही खळग्यांच्या तळाशी असे गुळगुळीत गोटे अजूनही दिसतात. मात्र साचलेल्या पाण्याखाली खोली कळत नाही आणि कडा निसरड्या असतात. येथे मुलांचा हात क्षणभरही सोडू नये, आणि नदीला पाणी सोडलेले असेल तर खाली उतरूच नये.

पहिला मुक्काम जुन्नर परिसरात. येथे एक गोष्ट गांभीर्याने घ्यायला हवी. या तालुक्यातील उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. त्यामुळे शेताच्या बांधावर किंवा ओढ्याकाठी एकाकी तंबू ठोकण्याचे धाडस करू नये. वस्तीलगतची, दिव्यांची व राखणीची सोय असलेली जागा निवडावी. अंधार पडल्यावर मुलांना एकटे बाहेर पाठवू नये. उरलेसुरले अन्न उघड्यावर टाकू नये, कारण त्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवनेरी किंवा नाणेघाट, यांपैकी एकच स्थळ घ्यावे. शिवरायांचे जन्मस्थान असलेला शिवनेरी सात दरवाजे ओलांडत पायऱ्यांनी चढायचा असल्याने लहानग्यांसाठी अर्धा दिवस हाती ठेवावा लागतो. नाणेघाटात चाल कमी आहे. कोकणातून जुन्नरकडे येणारा हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग. जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे सांगतात तो दगडी रांजण मुलांना आवडतोच. पण त्याहून मोलाचा आहे तो गुहेतील नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे आणि नाण्यांच्या संख्या त्यात अंकांनी नोंदवल्या आहेत. भारतातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. त्या पद्धतीत शून्य नव्हते. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती. शून्य न वापरता मोठी संख्या कशी लिहाल, हे कोडे मुलांना पुढच्या घाटवाटेत तासभर पुरते. अक्षरे झिजली आहेत, तेव्हा भिंतीला हात लावू देऊ नये. कड्याच्या टोकाशीही जाऊ नये.

दुपारच्या जेवणानंतर मध्ये कुठेही न रेंगाळता ओतूर, कोतूळ, राजूर मार्गे भंडारदरा गाठावे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी तंबू उभा राहून चूल पेटलेली असावी. प्रवरेवरील हे धरण १९२६मध्ये पूर्ण झाले. जलाशयाच्या काठावर तंबूंची सोय होते. परंतु पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा. रात्री आकाश निरभ्र असेल तर पूर्वेला मृग नक्षत्र दाखवावे. त्यातील बाणाखाली धूसर ठिपका दिसतो, तो म्हणजे तारे जिथे जन्मतात असा तेजोमेघ. खोडद पाहिलेल्या मुलांना त्या तबकड्या कशासाठी आहेत, हे तेव्हा अधिक उमगते.

तिसऱ्या दिवशी रतनगडाच्या पायथ्याचे रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि त्याजवळची दगडी पुष्करणी पाहून अकोले-संगमनेरमार्गे परतावे. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. येथे शेकोटी पेटवू नये आणि कचरा परत न्यावा.

थोडक्यात, दिवसाला एक मोठा थांबा पुरेसा. एरवी दर दोन तासांनी पाय मोकळे करावेत, आणि सूर्य मावळण्यापूर्वी तासभर गाडी मुक्कामी उभी असावी. घड्याळ या हिशेबात बसत नसेल तर एखादे स्थळ खुशाल वगळावे. किल्ला किंवा लेणे पुढच्या वर्षीही तिथेच असते.